जेवण आले नाही, चौकशी करणे

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला एक खानावळ आहे. तिथे गल्ल्याशेजारी काचेच्या पेटीत काळ्या पुठ्ठ्याची जुनी डायरी उताणी पडलेली दिसते. ती मी. माझ्याकडे बघून हात जोडू नका, मित्रांनो. पुष्कळ लोक जोडतात. परवा एका बाईंनी तर काचेला कुंकू लावलं. त्यांना वाटलं, आत पोथी आहे. मी पोथी नाही. माझ्यात जे लिहिलेलं आहे त्यातलं निम्म्याहून अधिक खाण्याविषयी आहे.

माझा जन्म महाडच्या एका लहानशा छापखान्यात झाला. मला शिवणारा बाइंडर मन लावून काम करणारा होता. दोऱ्याला मेण लावून त्यानं एकेक टाका आवळला, म्हणून मी आज एका जागी आहे. छापणारा मात्र तसा नव्हता. माझ्या पहिल्या पानांवर त्यानं टपालाचे दर, ग्रहणांचे दिवस आणि साप चावल्यास काय करावं याची माहिती छापली होती. साप चावलेला माणूस डायरी शोधत बसेल, असं त्याला वाटलं असावं.

बाजारपेठेतल्या दुकानातून मला मेजर पार्टे यांनी विकत घेतलं. रजेवर आले होते. एका कंपनीचे, म्हणजे शे-सव्वाशे जवानांच्या तुकडीचे ते प्रमुख होते. पुढे ते कर्नल झाले. मला वाटलं, माझं नशीब उघडलं. माझ्या भावंडांच्या वाट्याला किराणा दुकानं आणि भजनी मंडळं आली होती. मी फौजेत चालले होते.

पहिल्याच संध्याकाळी मेजरसाहेबांनी पट्टी घेऊन माझ्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. वरच्यात लिहिलं 'हवा', मधल्यात 'जेवण' आणि खालच्यात 'विशेष'. ते मराठीत लिहायचे. इंग्रजीत लिहिलं तर मेसमधले इतर अधिकारी वाचतील, अशी त्यांना भीती होती. मित्रांनो, लपवण्यासारखं त्यात काय होतं ते तुम्हीच बघा.

'हवा: उष्ण, संध्याकाळी वारा. जेवण: डाळ, भात, भेंडी (निबर). विशेष: काही नाही.'

असे महिनेच्या महिने. एकदा एका शिपायाला मुलगा झाल्याचं पत्र आलं. त्यानं तळभर नाचून पेढे वाटले. मेजरसाहेबांनी त्या दिवशी लिहिलं, 'जेवण: नेहमीचे. शिवाय पेढा एक, खवा आंबट.' मुलगा कुणाला झाला ते माझ्यात नाही. खवा आंबट होता हे मात्र कायमचं नोंदलं गेलं.

हे सगळं रांधणाऱ्या माणसाचं नावही माझ्यात नव्हतं, म्हणून इथे सांगते. त्याचं नाव मोरू. नाते गावच्या वरल्या वाडीचा. फौजेत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. तो कंपनीचा लांगरी होता. मेजरसाहेबांनीच त्याला मागून घेतला होता, कारण त्याच्या हातचं कुळथाचं पिठलं आणि भाजलेली सुकट खाल्ली की त्यांना घरी गेल्यासारखं वाटायचं. घरी गेल्यासारखं वाटायला लावणाऱ्या माणसाला ते हाक मारत, "ए लांगरी!"

जवान मात्र त्याला नावानं हाक मारायचे. दिवसभर मी ते नाव ऐकत असे.

"मोरू, चाय हाय का रं?"

"चाय हाय. साखर नाय. साखर तुज्या बायकूला पत्र धाडून मागव."

"आन भाकरी?"

"भाकरी हाय, पन ती साह्यबाची. बोट लावलंस तर बोट वाढीन ताटात!"

सगळे हसायचे. मेजरसाहेबांच्या खिशात मीही ऐकायचे. ते माझ्यात लिहायचे: 'जेवण: पिठलं, भाकरी. उत्तम.' उत्तम कुणी केलं, ते नाही.

मग हिवाळ्यात लढाई सुरू झाली. आमची कंपनी पूर्वेच्या सीमेपलीकडे गेली. तिथे भातखाचरं, तळी, बांबूची बेटं आणि चिखल. कोकणातले जवान म्हणायचे, हे तर आपल्याकडचंच रान दिसतंय. मेजरसाहेबांच्या पेनातली शाई संपली, तेव्हापासून ते पेन्सिलीनं लिहू लागले.

मला वाटलं, आता तरी हा माणूस काही लिहील. आता तरी तिसऱ्या रकान्याला जागा पुरणार नाही. पण तोफा धडधडत असताना हे गृहस्थ खंदकात बसून आधी आभाळाकडे बघत, मग ताटाकडे बघत आणि मग उरलेल्या जागेत लढाई लिहीत.

एका दिवसाचं पान असं आहे: 'हवा: थंड, धुके. जेवण: थंड आले. लांगरीला ताकीद दिली. विशेष: दिवसभर तोफमारा.'

ही ताकीद मी माझ्या कानांनी ऐकली आहे. कंपनीचा स्वयंपाक तळ्यामागे बांबूंच्या आडोशाला होत असे. पुढे शत्रूच्या ताब्यातला बंधारा होता आणि आमचे खंदक त्याच्या जवळ होते. स्वयंपाकाच्या जागेवरून खंदकांकडे यायचं तर तळ्याला मोठा वळसा घालावा लागे. ती वाट झाडांमधून होती, म्हणून बरी होती. सरळ वाट उघड्या खाचरातून होती. समोरून सगळं दिसायचं.

मेजरसाहेब म्हणाले, "ए लांगरी, ह्याला पिठलं म्हणतात? चुन्याचा गोळा झालाय."

मोरू म्हणाला, "साह्यब, तळ्याला वळसा पडतो. तवर निवतं."

"मग वळसा घालू नकोस."

एवढंच. हे वाक्य त्यांनी माझ्यात लिहिलं नाही. 'ताकीद दिली' एवढंच लिहिलं. ताकीद या शब्दात काय काय मावतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मोरू घोंगडीत गुंडाळलेलं पातेलं खांद्यावर घेऊन सरळ वाटेनं निघाला. तो पोचला नाही. त्या दिवसाचं पान तुम्हाला या पेटीत दिसतं: 'हवा: स्वच्छ. ऊन छान. जेवण: आले नाही. चौकशी करणे. विशेष: बंधारा ताब्यात. कंपनीची कामगिरी उत्तम.'

आणि त्याच्या पुढच्या दिवशी: 'जेवण: पुरी, बटाटा. नवा लांगरी. मीठ जास्त.'

चौकशी कधी झाली का? मित्रांनो, माझी सगळी पानं मला पाठ आहेत. झाली नाही. मोरूच्या घरी तार गेली ती सरकारी कागदावरून. तिथे नाव आधीच टंकलेलं असतं. साहेबानं खाली सही करायची, की झालं.

लढाई जिंकली. मेजरसाहेबांना पदक मिळालं. निवृत्त होऊन ते महाडला राहायला आले आणि दर वर्षी शाळाशाळांतून भाषणं देऊ लागले. मला ते सोबत न्यायचे. उंच धरून दाखवायचे, पण उघडायचे नाहीत. भाषणात तो बंधारा दर वर्षी थोडा लांब आणि थोडा उंच होत गेला. शेवटी तो एवढा वाढला की नदीपेक्षा मोठा झाला असावा. पोरं टाळ्या वाजवायची. मी त्यांच्या मुठीत गप्प राहायचे. माझ्यात भेंडी निबर आहे, हे त्या पोरांना कसं सांगणार?

मग त्यांचा घसा बसला, भाषणं बंद झाली आणि मी डांबरगोळ्यांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत गेले. वर्षानुवर्षं तिथे होते. महाडात सावित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंक भरली. शाईनं लिहिलेली माझी सगळी पानं वाहून निळी झाली. पेन्सिलीची तेवढी राहिली. नदीनं निवड बरी केली, असं मला वाटतं.

चिखलातून मला बाहेर काढलं ते त्यांच्या नातवानं, यशराजनं. केस वाळवायच्या यंत्रानं त्यानं माझं एकेक पान वाळवलं, तेव्हा क्षणभर मला तो आवडलाही. पण ही पाचाडची खानावळ त्याचीच. गडावर येणाऱ्या पर्यटकांसाठी त्यानं भिंतीवर ढाल लटकवली, तलवार लटकवली (नाटक कंपनीकडून आणलेली, पात्याला धार नाही) आणि गल्ल्याशेजारी 'शौर्य दालन' अशी पाटी लावली. दालन म्हणजे ही काचेची पेटी. थाळी खाऊन हात धुवायला जाताना लोकांनी माझ्याजवळ थांबावं आणि फोटो काढावा, अशी योजना. लढाई जिंकल्याच्या दिवसाचं पान उघडं ठेवायचं ठरलं. त्याचा फोटो त्यानं आठवडाभर आधी सगळ्यांच्या मोबाइलवर धाडला. त्यानं स्वतः ते पान नीट वाचलं असतं तर धाडलं नसतं! 'कामगिरी उत्तम' एवढंच त्याला दिसलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पाहुणे यायला अवकाश होता. कर्नलसाहेब पदकं लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मागे बाया भाजी चिरत होत्या. तेवढ्यात नऊवारी नेसलेली एक म्हातारी आत आली.

"आजी, थाळी बाराला सुरू होते," यशराज म्हणाला.

"थाळी नको माला. ती वही कुठं हाय?"

"कोण तुम्ही?"

"बनुबाई. नात्याच्या वरल्या वाडीची. तुज्या आज्याला जेवान न्यायला गेले नि परत आले नाय, ते आमचे धनी."

यशराजचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे तुम्ही वीरपत्नी! थांबा, थांबा, असं पेटीजवळ उभं राहा, फोटो काढतो."

"फोटो मागनं काढ रे. तू धाडलेलं पान माज्या नातीनं, समीक्षानं मुंबैसून वाचून दाखवलान. त्यात ह्यांचं नाव नाय. जेवान आलं नाय, एवढंच हाय." ती काचेच्या पेटीकडे वळली. "आता हिला कुलूप लावनार ना तू? त्याच्या आधी नाव घाला."

"आजी, हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्यात आता काही लिहिलं तर खाडाखोड झाल्यासारखं होतं. मी बाजूला छान फ्लेक्स लावतो ना तुमच्या मालकांच्या नावाचा."

"फ्लेक्स पावसात फाटतो."

"आत लावू."

"मग हाटेल बंद केलंस की गुंडाळशील."

मागच्या बाया हसल्या. तेव्हा कर्नलसाहेब म्हणाले, "यश, इकडे दे ती डायरी."

किती वर्षांनी त्यांनी मला मांडीवर घेतलं. खिशातून निळं पेन काढून त्यांनी ते पान उघडलं आणि शाळेतल्या पोराला सही देताना म्हणावं तसं म्हणाले, "हां बाई, सांगा. काय नाव त्याचं?"

बनुबाई बघतच राहिली.

"तुमाला म्हाईत नाय?"

"वय झालं आता. आठवत नाही."

"हाक काय मारत होता?"

मला माहीत होतं कर्नलसाहेब काय हाक मारायचे. त्यांनाही आठवलं असणार, कारण मान खाली गेली.

"तुम्हीच सांगा ना," ते म्हणाले.

"मी कशी सांगू? धन्याचं नाव तोंडानं घेत्यात का कुठं?"

यशराज हसत सुटला. "मग उखाण्यात घ्या आजी! लाजायचं नाही. व्हिडिओ करतो, एकदम व्हायरल होईल."

"उखाना लग्नात घेत्यात रे सोन्या. जिथं मानूस गेलं ते पान पुढ्यात ठेवून नाय."

मोबाइल खाली आला. "बरं, तुमच्या नातीला फोन लावून विचारतो."

"लावू नको. नातीनं तर आज्याला बघितलासुदीक नाय. तिनं कशाला सांगायचं? चार वर्सं त्यांच्या हातचं हे साह्यब जेवले. त्यांनी आठवायचं."

माझा जीव तिथे टांगणीला लागला, मित्रांनो. मला नाव पाठ होतं. हजार वेळा ऐकलेलं होतं. पण मला तोंड नाही, आणि ज्याला तोंड होतं त्यानं त्या तोंडानं नुसतं खाल्लं होतं.

कर्नलसाहेब आठवू लागले. "कुळथाचं पिठलं करायचा. वरून लसूण, अख्खी लाल मिरची... सुकट निखाऱ्यावर भाजायचा. तांदळाची भाकरी, पातळ, अशी पापुद्रा सुटलेली..." सगळ्या चवी आठवत होत्या. माणूस आठवत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांची कीव आली नाही. सुकटीच्या आठवणीनंही डोळ्यांत पाणी येतं.

बनुबाईनं खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली आणि मला आपल्याकडे ओढलं. नात शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या पाटीवर ही बाई अक्षरं गिरवायला शिकली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून ती वाचू लागली. पण वाचायला सुरुवात केली ती शेजारच्या, आदल्या दिवसाच्या पानापासून.

"जे... व... न. थंड... आ... ले." बोट थांबलं. "थंड? ते नि थंड वाढतील? घरी भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडायची. निवली तर स्वतः खायचे, दुसऱ्याला नाय द्यायचे." मग पुढचा शब्द. "ता... की... द. ताकीद म्हंजे काय ओ?"

"म्हणजे सूचना, आजी," यशराज घाईनं म्हणाला. "फौजेत अशा द्याव्याच लागतात."

"रागावलो," कर्नलसाहेब म्हणाले.

"काय म्हनून?"

त्यांनी तिच्या बोटाखालच्या शब्दाकडे बघितलं.

"वळसा घालू नकोस म्हणालो."

जे वाक्य त्यांनी मला लिहायला दिलं नव्हतं, ते या बाईला सांगितलं. माझ्या मनातली त्यांच्याविषयीची तुच्छता काही नाहीशी झाली नाही. पण मला एवढं वाटलं, की उशिरा का होईना, हा माणूस एक वाक्य खरं बोलला.

"मग आडव्या रानातनं आले असतील."

"हो."

"गरम आनायला."

"हो."

बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग हात पुढे केला. "द्या ते पेन."

"बाई, मी लिहितो. नाव तेवढं कसंही करून सांगा."

"तोंडानं घ्यायचं नाय. हातानं लिवायचं नाय असं माला कुनी सांगितलेलं नाय." ती जरा थांबून म्हणाली, "आमच्यात बायांना लिवताच येत नव्हतं. मग मना कोन करनार?"

तिनं पेन मुठीत खुरप्यासारखं धरलं आणि टोक माझ्यावर टेकवलं. इतका जोर मला कधी कुणी लावला नव्हता. मागच्या तीन पानांवर वळ उमटले.

"आजी, निदान 'विशेष'च्या रकान्यात तरी लिहा!" यशराज कळवळला.

"ते जेवान घेऊन चालले होते. हितंच लिवनार."

"आणि रू दीर्घ हवा, तुम्ही ऱ्हस्व..."

"गप रे," कर्नलसाहेब म्हणाले.

तिचं लिहून झालं. 'चौकशी करणे' या शब्दांच्या पुढे, पेन्सिलीच्या बारीक ओळीत न मावणारी, जाड निळी दोन अक्षरं. कर्नलसाहेबांनी मला डोळ्यांजवळ धरलं आणि फौजेत हजेरी घेतात तशा चढ्या आवाजात वाचलं:

"जेवण आले नाही. चौकशी करणे. मोरू."

नाव कानावर पडलं मात्र, बनुबाई खुर्चीवरून उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला आणि मान खाली घालून भिंतीकडे सरकली, धनी घरात शिरले म्हणजे बाई सरकते तशी.

मागे भाजी चिरणाऱ्या बायांच्या विळ्या थांबल्या होत्या.

मग पाहुणे आले, नारळ फुटला, कुलूप लागलं. यशराजनं पेटीखाली एक चिठ्ठी डकवली आहे: 'निळ्या शाईतील मजकूर मूळ लेखनाचा भाग नाही.' असू दे. माझ्यात वाचण्यासारखा मजकूर तेवढाच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलू लागल्या की शेवटी आमची काळजी घ्या असं म्हणतात. मी म्हणत नाही. मला वाळवी लागली तरी भेंडी निबर होती हे सोडून जगाचं फारसं काही बुडणार नाही. पण तुमच्यापुढे रोज कुणीतरी ताट ठेवतं. घरी ठेवतं, वसतिगृहात ठेवतं, इथे पाचाडलाही ठेवतं. त्याची चव सांगायची घाई करू नका. ज्यानं ठेवलं त्याला त्याच्या नावानं हाक मारा. नाव माहीत नसेल तर उठा, आत चुलीपाशी जा आणि विचारून या.

तोवर ताट निवेल. निवू द्या.